खंडेनवमीची नवी गाडी

नवरात्राचे घट बसले की वृत्तपत्रांच्या पानांवर दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदू लागतात. एका अंगाला देवीमाहात्म्य, आणि दुसऱ्या अंगाला झेंडूच्या माळा घातलेल्या दुचाकींच्या जाहिराती. ह्या शेजारावर टीका करणे हा आम्हां कीर्तनकारांचा जुना अधिकार. आम्हीही तो पुष्कळ वर्षे यथेच्छ गाजविला. 'नव' ह्या शब्दाचे संस्कृतात दोन अर्थ होतात, नवीन आणि नऊ. नवरात्रातला 'नव' हा संख्यावाचक आहे, परंतु लोकांनी तो नव्या खरेदीचा मानला आहे, असा विनोद आम्ही पूर्वरंगात करीत असू आणि श्रोते त्यास हसतही असत. पुढे ह्याच आम्ही, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आयुष्यातील पहिली कोरी करकरीत मोटारसायकल घेतली, आणि तीही ऐन नवरात्रात. तेव्हा आज उपदेशकाच्या व्यासपीठावरून न बोलता आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलणे आम्हांस प्राप्त आहे. सुज्ञ वाचकांनी दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात.

आमचे वास्तव्य आळंदीस. कीर्तनसेवा मात्र अधिक मावळात घडली, आणि त्यातही वलवणास. लोणावळ्याला अगदी लागून असलेले हे गाव बाहेरच्या मंडळींना टाटांच्या धरणामुळे ठाऊक असते. ह्या धरणाचे पाणी घाटाखाली उतरवून खोपोलीस १९१५ पासून वीज होते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आम्हांस मात्र वलवण ठाऊक आहे ते पावसामुळे, धुक्यामुळे आणि जुन्या महामार्गाच्या कडेस असलेल्या एका छोट्या गॅरेजमुळे. त्याविषयी पुढे सांगतो. आळंदीहून तेथवर पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. द्रुतगती मार्गावर दुचाकीस मज्जाव असल्याने आम्हांस देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत असा जुनाच रस्ता. उत्तररंग संपून आरती होईतो रात्रीचे अकरा वाजतात. त्या वेळी एस. टी. नसते, आणि कीर्तन ऐन रंगात आले असता शेवटच्या लोकलची आठवण यावी ह्यासारखा दुसरा रसभंग नाही. तात्पर्य, कीर्तनकारास स्वतःचे वाहन लागते.

ते आम्ही १९८७ साली प्रथम घेतले. एका दूधवाल्या गृहस्थांची राजदूत. दोन्ही बाजूंना कॅन टांगून टांगून तिचा मागचा सांगाडा किंचित फाकलेला होता, आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावयाचे असल्यामुळे आम्ही ज्या देवळात जाऊ तेथे उदबत्तीच्या आधी आमचा धूर पोहोचत असे. त्या काळी जुनी गाडी घेण्यात कमीपणा नव्हता. आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. कारखान्याच्या दरापेक्षा वापरलेल्या स्कूटरला अधिक पैसे मोजणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. हे आजच्या तरुणांना सांगितले तर ती पुराणातली कथा वाटते. राजदूतनंतर येझदी आली. जिची किक हाच पुढे गिअरचा दांडा होतो, अशी ती काटकसरी रचना आम्हांस फार आवडे. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. मग सुट्या भागांसाठी पुण्यात कधी नाना पेठ, तर कधी रविवारचा जुना बाजार असे आमचे फेरे सुरू झाले. येझदीमागून एक शंभर सीसीची चारठोकी गाडी, आणि ती थकल्यावर तशीच दुसरी, तीही तिसऱ्या मालकाकडून. अशा चार गाड्या आणि छत्तीस वर्षे.

ह्या छत्तीस वर्षांत गाडी दुरुस्त करण्याची थोडीबहुत विद्या अंगी आली. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, चोकचा अंदाज, चेनचा ताण, कार्ब्युरेटरमधला कचरा, हे सारे आम्ही रस्त्याच्या कडेला धोतराचा काचा मारून केले आहे. इंजिनाचा आवाज बदलला की बोलता बोलता कान टवकारला जाई. त्याचा आनंद खोटा नव्हता. परंतु त्या आनंदाच्या पोटी एक दुसरी वस्तू हळूहळू वाढत होती, आणि ती आमच्या ध्यानी आली नाही.

ती वस्तू म्हणजे दृष्टांत. अपरिग्रहावर निरूपण करताना आम्ही आमच्या गाडीचा दाखला देऊ लागलो. नंदी म्हातारा झाला म्हणून महादेवांनी तो विकला आणि नवा घेतला असे कोठल्या पुराणात आहे, असे विचारावे आणि मग बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे हात करावा. श्रोतृवर्ग खूश. पुढे पुढे तर यजमान आमंत्रण देतानाच म्हणू लागले, "बुवा, तो गाडीचा दृष्टांत मात्र हवाच." आता जो दृष्टांत बिदागी मिळवून देतो तो सोडवेल कसा? दोन-तीनदा नवी गाडी घेण्याइतके पैसे जमले होते, हे आज कबूल करण्यास हरकत नाही. घेतली नाही. गाडी गेली तर दृष्टांत जाईल, ही भीती होती. वैराग्याचे आम्ही दुकान मांडले होते आणि त्या दुकानाची पाटी म्हणून ती गाडी जपत होतो.

वलवणच्या गॅरेजवाल्याने आम्हांस सावध केले होते. अधिक श्रावण, म्हणजे २०२३ चा जुलै अखेर. अधिकमासात कीर्तनांची रीघ असते आणि लोणावळ्याचा पाऊसही तेव्हाच ऐन भरात असतो. त्याने पुढचे चाक हाताने फिरवून पाहिले व म्हणाला, "बुवा, पुढचे लायनर संपलेत. मागच्या टायरलाही नक्षी राहिली नाही. गाडी आज इथेच ठेवा." आम्ही म्हणालो, "पुढच्या खेपेस पाहू." ते वाक्य आम्ही सवयीने उच्चारले.

त्या रात्री कीर्तन संपवून निघालो. मागे आमचे तबल्याचे साथीदार बसले होते. आमच्याहून वीस वर्षांनी लहान, अत्यंत हळव्या हाताचे, आणि स्वभावाने असे की कीर्तनकाराची लय चुकली तरी सम स्वतःच्या अंगावर घेतील. तबला पाठीवरच्या पिशवीत, डग्गा मांडीवर. गावातून बाहेर पडून हमरस्त्यास लागण्यापूर्वी एक वळण आहे. धुके इतके की स्वतःच्या गाडीचे पुढचे चाक दिसेना. आमच्या त्या जुन्या गाडीची एक खोड वाचकांनी समजून घ्यावी. तिच्या दिव्याला वीज मिळे ती थेट इंजिनाच्या फिरण्यातून. वेग उतरला की उजेड उतरे. म्हणजे दिसत नाही म्हणून हळू व्हावे, आणि हळू झाले म्हणून अधिकच दिसेनासे व्हावे. वळणावर एकाएकी समोर काही हलले, गुरू होते की माणूस हे आजही सांगता येणार नाही. पुढचा ब्रेक नावापुरता होता, म्हणून मागचा जोराने दाबला. गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर जागच्या जागी थिजले आणि गाडी आडवी झाली.

वेग फारसा नव्हता. आम्हांस गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. डग्गा मात्र मांडीवरून सुटला आणि अंधारात उतारावर गडगडत गेला. त्याचा तो आवाज, दर दोन-चार हातांवर रस्त्याला लागून उमटणारा घुमारा, दूर जात जात थांबला. तोवर आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग साथीदार म्हणाले, "बुवा, डग्गा फुटला तर नाही ना?" त्यांचा डावा हात तेव्हा मनगटापासून वेगळ्याच दिशेला वळलेला होता.

प्लास्टर सहा आठवडे राहिले, आणि त्यानंतर बोटांत पूर्वीची घुमक यावयास कितीतरी महिने गेले. त्या वर्षीचा गणेशोत्सव गेला, नवरात्र गेले. साथ करणाऱ्याची वर्षाची कमाई ह्याच दिवसांत होते, हे ज्यांच्या घरी चूल त्या कमाईवर पेटते त्यांसच ठाऊक. आम्ही त्यांच्या घरी गेलो, काही रक्कम ठेवली, काही बोलू लागलो. त्यांच्या पत्नीने चहा पुढे केला आणि खाली पाहतच म्हटले, "बुवा, गाडी जुनी ठेवण्याचे पुण्य तुमचे. हात ह्यांचा."

त्या माऊली काही शास्त्र शिकलेल्या नाहीत. आम्ही पाठशाळेत वर्षे घालविली, कठोपनिषदातील रथाचे रूपक शेकडो वेळा उलगडून सांगितले. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. पण त्या रथाचा स्वामी कोण? जो आत बसला आहे तो. सारथी नव्हे. रथ आहे तो बसलेल्यासाठी आहे. हे सांगत असता आमच्या मागच्या आसनावर कोण बसले आहे आणि कोणत्या भरवशावर बसले आहे, हा विचार आमच्या मनास एकदाही शिवला नव्हता. 'वाहन' हा शब्द 'वह्' धातूपासून येतो; वह् म्हणजे वाहून नेणे. आमची गाडी आम्हांला नेत होती आणि आमच्या साधेपणाची कीर्ती नेत होती. साथीदारांचा हात हे त्यात ओझे होते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर जाहिरातदार मंडळी हा लेख कापून दुकानात लावतील. दोष गाडीच्या जुनेपणाचा नव्हता. काही शे रुपयांचे लायनर आणि एक टायर, इतक्यावर तो अपघात टळला असता. आजही खेड्यापाड्यांत पंचवीस वर्षांच्या गाड्या निर्धोक धावतात, कारण त्यांना रोज पाहणारा मालक असतो. आम्ही तसा मालक राहिलो नव्हतो, आणि येथेच आमच्या मताचा गाभा आहे. जुन्या गाडीला तरुण मालक लागतो. तिला कान लागतो, बोटे लागतात, रात्री दोन वाजता पावसात खाली बसण्याचे गुडघे लागतात. साठीनंतर हे तिन्ही उणे होतात, पण आपण अजून तोच राजदूतवाला आहोत हा भ्रम मात्र उणा होत नाही.

आणि आपल्या समाजात चालते नेमके ह्याच्या उलट. दसरा आला की बाप कर्ज काढून अठरा वर्षांच्या मुलास दोनशे सीसीची नवी गाडी घेऊन देतो, आणि स्वतः मात्र चालविण्यास ठेवतो ती जुनी, ब्रेक न लागणारी, दिवा मिणमिणणारी. ह्यास आपण वात्सल्य म्हणतो. मावळात जमिनींना भाव आल्यापासून हे वात्सल्य फारच फोफावले आहे. ज्याने कधी प्लग काढून पाहिला नाही, ब्रेक कशाने लागतो हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती यंत्राचे सारे बळ. आणि ज्याची दृष्टी मंदावली, ज्याच्या मागे पत्नी किंवा नात बसते, त्याच्या वाट्यास गुळगुळीत टायर. आमचे मत असे की घरात एकच नवी गाडी येणार असेल तर ती वडीलधाऱ्यांकडे जावी, आणि जुनी, लायनर-टायर नवे घालून, मुलाकडे. तो ती दुरुस्त करता करता तिचे स्वभाव ओळखील. ती फार पळणार नाही, हाही तिचा गुणच.

हे मत आम्ही आमच्याच घरात अमलात आणले आणि काय प्रसंग ओढवला ते सांगतो. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आली, आणि त्याच दिवसापासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर उतरला. सरकारने मुहूर्त पाहिला की योगायोग घडला, हे पंचांगकर्त्यांनी ठरवावे. दोन वर्षे आम्ही लोकलने, यजमानांच्या मोटारीने, क्वचित कीर्तन आटोपते घेऊन दिवस काढले होते. आता धाकट्या बंधूंनी विषय काढला, "दादा, गाडी घेऊन टाकू." त्यांच्या चिरंजीवांचे वय वीस, परवाना हाती. घरात सर्वांनी मनोमन ठरविले होते की नवी गाडी त्याची आणि काका मागे बसून कीर्तनास जातील. आम्ही म्हणालो, नवी आमची, जुनी त्याची. बंधू स्तब्ध. पुतण्या म्हणाला, "काका, लोक हसतील." आम्ही म्हणालो, आम्हांस तर ते छत्तीस वर्षे हसत आले आहेत. तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

शोरूममध्येही तोच प्रकार. विक्रेता सारी माहिती पुतण्याकडे पाहून सांगे आणि हप्त्याचा आकडा तेवढा आमच्याकडे पाहून. शंभर सीसीचीच साधी गाडी घेतली. रस्त्यावर येईतो लाखाच्या थोडे आत. काही बिदागीतून साठविलेले, उरलेले हप्त्याने. आमच्यासारख्यास हा आकडा लहान नव्हे, आणि ज्याची ऐपत नाही त्याने नवीच घ्यावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

नवेपणाचे सुख काय, तेही प्रांजळपणे सांगू. रंगाचे नाही, झळाळीचे नाही. पायाखालचा ब्रेक दाबला असता दोन्ही चाके मिळून थांबतात. लहान गाड्यांना ही सोय एप्रिल २०१९ पासून कायद्याने द्यावी लागते. दिवा दिवसाही जळत राहतो, तो नियम २०१७ चा. आणि सर्वांत मोठे म्हणजे इंजिन मंद झाले तरी ह्या गाडीचा उजेड मंद होत नाही. पहिल्या रात्री आळंदीच्या रस्त्यावर आम्ही केवळ हे पाहण्यासाठी गाडी उभी केली, इंजिन हळू ठेवले आणि समोरच्या भिंतीवर पडलेला तो स्थिर उजेड किती तरी वेळ पाहत राहिलो. वलवणचे वळण त्या भिंतीवर दिसत होते.

हरवले तेही आहे. कार्ब्युरेटर गेला, चोक गेला. काही बिघडले तर कान लावून कळत नाही, यंत्र जोडून पाहावे लागते. गॅरेजवाला म्हणतो, "बुवा, आता ही गाडी तुमच्याशी बोलणार नाही." खरे आहे ते.

आता पूजेविषयी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीस, आपण शस्त्रे आणि आयुधे पुजतो. न्हाव्याचा वस्तरा, सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री. ही सारी वापरलेली असतात. पूजेआधी ती पुसली जातात, धार पाहिली जाते, गंज काढला जातो. आमच्या समजुतीप्रमाणे तेवढा भाग पूजेतच येतो. दुचाकीच्या बाबतीत मात्र आपण माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतो, आणि ज्या चाकाने लिंबू चिरडले त्याच्या टायरला नक्षी उरली आहे की नाही हे वाकून पाहत नाही. खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाचे ठाणे आहे. ह्या धनगराने इंग्रजांस घाटाची वाट दाखविली अशी आख्यायिका, आणि येणारेजाणारे गाडीवाले त्यास नाणे वाहतात. आम्हीही वाहतो. परंतु वाट दाखविणाऱ्यास नाणे वाहून पुढे आंधळ्या दिव्याने उतरणे, हा त्याचा सन्मान कसा होईल? शिरस्त्राणाचेही तेच. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्यात ते चालविणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही सांगितले आहे. पूजेच्या ताटात एक शिरस्त्राण ठेवलेले आम्ही क्वचितच पाहिले, दोन तर कधीच नाहीत.

त्या खंडेनवमीस आमच्या अंगणात दोन्ही गाड्या उभ्या होत्या. पुतण्याचा रुसवा चौथ्या दिवशी ओसरला होता, कारण त्या जुन्या गाडीस नव्या नियमाची नंबरपाटी लावावयाची होती आणि ते काम करता करता त्याने चेनही उघडली. मग तो तिला घेऊन वलवणास गेला आणि गॅरेजवाल्याच्या हाताखाली बसून दोन्ही चाकांचे लायनर स्वतः घालून आला. टायर नवे, दिवाही बदललेला. पूजेच्या वेळी त्याच्या नखांत काळे तेल होते. वहिनी म्हणाल्या, आधी हात धुऊन ये. आम्ही म्हटले, असू द्या, त्याच हातांनी कुंकू लावू दे.

साथीदार सायंकाळी आले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचे, वलवणास कीर्तन होते. २०२३ नंतर ते आमच्या मागे बसले नव्हते. लोकलने येत आणि लोकलनेच जात, आणि आम्ही कधी आग्रह केला नव्हता. नव्या गाडीभोवती एक फेरी घालून त्यांनी पुढचे चाक पाहिले, मग मागचे. "बुवा, दिवा लावा पाहू," म्हणाले. लावला. "आता इंजिन हळू करा." केले. त्यांनी काही वेळ भिंतीकडे पाहिले आणि आत जाऊन दुसरे शिरस्त्राण उचलून डोक्यावर बसवून पाहिले.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही निघालो. गाडीला मागे कॅरिअर मुद्दाम बसवून घेतले होते, आणि डग्गा बांधण्यास नवी दोरीही. त्यांनी तबला तेवढा बांधू दिला. डग्गा मांडीवरच घेतला.